मायनर लीगच्या टोप्या: मैदान पाहिल्याशिवाय टोपी घालावी का?

उंबरठा

नमस्कार. अमेरिकेतील मायनर लीग बेसबॉल संघांच्या टोप्या जमवण्याचा आणि त्या आलटून पालटून घालण्याचा मला नाद आहे. सध्या घरात २७ टोप्या आहेत. हौसेला मोल नसते असे म्हणतात, पण माझ्या हौसेचे मोल नगामागे चाळीस डॉलरच्या आसपास आहे आणि त्याची आठवण मला घरात अधूनमधून करून दिली जाते.

ज्यांनी बेसबॉल पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. मेजर लीगमध्ये ३० संघ आहेत आणि त्या प्रत्येकाच्या हाताखाली चार पायऱ्यांवर गावोगावचे चार संघ असतात. २०२१ पासून असे एकूण १२० संघ आहेत. संघात कोण खेळणार, कोणाला वरच्या पायरीवर न्यायचे आणि कोणाला घरी पाठवायचे हे सारे वरचा मोठा संघ ठरवतो, आणि खेळाडूंना पगारही तोच देतो. गावातल्या मालकाच्या हाती उरते ते मैदान, तिकिटे, खाणेपिणे, संघाचे नाव आणि टोपी. आज ज्या मुलासाठी आपण घसा बसेपर्यंत ओरडलो तो पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच राज्यात खेळत असतो. त्यामुळे गावाने जीव लावायचा तो नावाला आणि टोपीला, अशी माझी समजूत झाली आहे.

माझी सुरुवात न्यू जर्सीतल्या ब्रिजवॉटरला झाली. बालाजीच्या देवळातून परतताना सॉमरसेट पेट्रियट्सच्या मैदानाबाहेर गर्दी दिसली, सहज आत शिरलो आणि बाहेर येताना डोक्यावर टोपी होती. तेव्हा हा संघ कोणाच्याही हाताखाली नव्हता. २०२१ पासून तो न्यू यॉर्क यांकीज या मेजर लीग संघाचा डबल-ए, म्हणजे वरून दुसऱ्या पायरीचा संघ झाला. त्या दिवशी मी स्वतःला एक नियम घालून घेतला की, मैदानात बसून निदान एक सामना पाहिल्याशिवाय त्या संघाची टोपी घ्यायची नाही. आजवर तो पाळला आहे.

आता पेच असा आहे की, कार्यालयातल्या एका सहकाऱ्याने मला रॉकेट सिटी ट्रॅश पांडाज या संघाची टोपी भेट दिली. हा संघ अलाबामातल्या मॅडिसन गावचा आहे. शेजारच्या हंट्सव्हिलमध्ये चंद्रावर जाणाऱ्या सॅटर्न रॉकेटचे काम झाले म्हणून ‘रॉकेट सिटी’, आणि कचऱ्याच्या डब्यात तोंड घालणाऱ्या रॅकूनला तिकडे गमतीने कचऱ्यातला पांडा म्हणतात म्हणून ‘ट्रॅश पांडाज’. टोपी अतिशय सुरेख आहे, पण मी अलाबामात पाऊल ठेवलेले नाही. ही टोपी मी घालावी की नाही? आणि एकूणच, टोप्या वापराव्यात की डब्यात जपून ठेवाव्यात?

तिरकसतात्या

एखाद्या देशाने एकाच माणसाला २७ वेळा टोपी घातल्याचे आणि त्या माणसाने ते इतक्या अभिमानाने लिहिल्याचे हे पहिलेच उदाहरण असावे.

भुसावळकर_यार्डातला

तात्या, माझ्याकडे अकराच आहेत, तेव्हा मी थोडा कमी फसलो असे समजतो.

उंबरठा, तुमच्या नियमात एक मोठी गोची आहे आणि ती माझ्या सर्वात लाडक्या टोपीच्या आधाराने दाखवतो. कनेटिकटमधल्या हार्टफर्डच्या संघाचे नाव ‘यार्ड गोट्स’ आहे. अमेरिकेतले रेल्वेवाले यार्डात डबे इकडून तिकडे ढकलणाऱ्या शंटिंग इंजिनाला लाडाने ‘यार्डातला बोकड’ म्हणत, त्यावरून हे नाव आले. माझे वडील भुसावळच्या यार्डात शंटर होते. लोकांनी मेल-एक्स्प्रेसच्या ड्रायव्हरांची कौतुके करावीत आणि वडिलांनी चोवीस डब्यांची गाडी जुळवून निमूटपणे घरी यावे, हे पाहत मी मोठा झालो. शंटिंग इंजिनाच्या नावाने कोणी संघ काढेल आणि त्याची टोपी विकेल, असे त्यांना सांगितले तर त्यांना माझी चेष्टा वाटली होती. बॅट चावणारा बोकड असलेली ती टोपी त्यांना पाठवली तेव्हा त्यांनी ती देवघराच्या बाजूच्या खुंटीला लावली, आणि आजही ती तिथेच आहे.

आता तुमच्या नियमाकडे वळतो. हा संघ २०१६ साली हार्टफर्डचा म्हणून खेळू लागला, पण त्याचे मैदान वेळेत बांधून झाले नाही आणि त्या वर्षीचा संपूर्ण हंगाम त्याला बाहेरगावीच काढावा लागला. गावात पहिला सामना झाला तो २०१७ मध्ये. मधल्या काळात टोप्या मात्र गावभर दिसत होत्या. तुमचा नियम लावला तर त्या वर्षी खुद्द हार्टफर्डच्या माणसालाही आपल्या संघाची टोपी घालायचा अधिकार नव्हता!

शिवाय त्या टोपीचे हिरवे-निळे रंगही सहज निवडलेले नाहीत. १९९७ मध्ये हार्टफर्ड सोडून गेलेल्या हॉकी संघाचे, व्हेलर्सचे, ते रंग आहेत. तिथल्या पन्नाशीच्या माणसांसमोर ही टोपी घालून उभे राहिलात की ती माणसे आधी हॉकीविषयीच बोलू लागतात.

अंबाडा

हार्टफर्डच्या बाबतीत आणखी एक सांगण्यासारखे आहे. २०१९ पासून त्या मैदानात शेंगदाणे विकत नाहीत. बेसबॉल आणि शेंगदाणे हे समीकरण तिथे इतके पक्के आहे की, ज्यांच्या मुलांना शेंगदाण्याची ॲलर्जी आहे ते आईबाप मैदानाकडे फिरकतच नाहीत. माझा मुलगा आयुष्यातला पहिला सामना पाहू शकला तो तिथे. आमच्या घरातली एकमेव टोपी तीच आहे आणि ती रोज वापरली जाते, त्यामुळे जपून ठेवण्याचा प्रश्न आमच्याकडे कधी उद्भवलाच नाही.

कारल्याचा_वेल

सर्वांच्या आनंदावर विरजण घालण्याचा हेतू नाही, पण ‘गावाने जीव लावायचा तो नावाला’ हे वाक्य मला भाबडे वाटते. यातली पुष्कळशी नावे आणि चित्रे गावाने काढलेली नसून, सॅन दिएगोच्या ब्रँडिओज या एकाच कंपनीने काढलेली आहेत. हार्टफर्डचा बोकड तिचाच, एल पासोचा चिवावा तिचाच, ॲक्रनचे रबरी बदकही तिचेच. सगळे प्राणी दात विचकून, भुवया आक्रसून एकाच साच्यातून निघाल्यासारखे दिसतात. आधी नावासाठी लोकांकडून सूचना मागवायच्या, मग त्यांतले सर्वात विचित्र नाव जाहीर करायचे, मग गावाने चार दिवस शिमगा करायचा आणि पाचव्या दिवशी टोप्यांसाठी रांग लावायची, हा आता ठरलेला विधी झाला आहे. न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या संघाचे २०१७ मध्ये ‘बेबी केक्स’ असे नामकरण झाले आणि तीन हंगामांत तो संघ गाशा गुंडाळून कॅन्ससमधल्या विचिटाला निघून गेला. त्या टोपीला ज्यांनी जीव लावला त्यांनी आता काय करावे?

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. इथे टोपीला चाळीस डॉलर मोजले जातात आणि त्या टोपीखाली खेळणाऱ्या मुलाला वर्षाकाठी किती मिळत असत, हे कोणी पाहिले आहे का? सर्वात खालच्या पायरीवर वर्षाला ११,००० डॉलर. हंगामात चार-पाच जण एका घरात, जमिनीवर गाद्या टाकून राहत. आपण मात्र बदकांच्या चित्रांवर खूश.

वेदवती

कारल्याचा वेल, वेतनाबाबत तुमचा संताप रास्त आहे, परंतु आकडा जुना आहे. २०२२ मध्ये हे खेळाडू संघटित झाले आणि २०२३ च्या करारानंतर खालच्या पायरीवरचे किमान वेतन ११,००० वरून २६,२०० डॉलर झाले, तर ट्रिपल-ए म्हणजे सर्वात वरच्या पायरीवरचे १७,५०० वरून ३५,८०० झाले. ही रक्कमही फार नाही, हे मान्य आहे. पण वेतन वरचा संघ देतो, हे उंबरठा यांनी आधीच लिहिले आहे. टोपी न घेऊन आपण शिक्षा करू ती गावातल्या मैदानाला.

आणि सगळीच नावे कालची नाहीत. मी नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅमला राहते. इथल्या संघाची सुरुवात १९०२ मध्ये ‘टोबॅकनिस्ट्स’ या नावाने झाली आणि पुढे तो ‘बुल्स’ झाला, कारण बैलाचे चित्र असलेली तंबाखू हीच या गावाची ओळख होती. तंबाखूचे कारखाने बंद पडले, त्यांच्या विटांच्या इमारतींत आता आमच्यासारखी संगणकावर काम करणारी माणसे बसतात, आणि गावाच्या जुन्या धंद्याची रोजच्या वापरातली खूण म्हणून डी अक्षरातून उडी मारणारा तो बैल टोपीवर तेवढा उरला आहे. निळ्या टोपीवरचे ते साधे चित्र पाहिले की दात विचकणारे प्राणी मलाही डोळ्यांना खुपतात, हे मात्र तुमच्याशी खाजगीत कबूल करते.

सातवा_गिअर

वेदवतीताईंच्या मुद्द्याला +१. मी चाकणहून कामासाठी मिशिगनला आलो, तेव्हा लान्सिंगच्या संघाचे नाव ‘लगनट्स’ आहे असे कळले. लगनट म्हणजे मोटारीचे चाक आवळायचा नट. लान्सिंग हे मोटारींचे गाव आहे, त्यामुळे त्याचा अर्थ तिथे कोणाला समजावून सांगावा लागत नाही. आमच्या कारखान्यात ही टोपी घालून गेलो की पाहणी करायला आलेले साहेबही हसतात. ॲक्रनच्या बदकाविषयी म्हणाल तर ते उगाच रबरी नाही. ॲक्रन हे टायरचे गाव आहे.

लोणकढी

नावांचा विषय निघालाच आहे तर माझे धर्मसंकट मांडते. आम्ही पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाउनजवळ राहतो. इथल्या संघाचे नाव ‘आयर्नपिग्ज’. शेजारी बेथलेहेमचा प्रचंड पोलाद कारखाना होता आणि कच्च्या लोखंडाला इंग्रजीत डुकराचे नाव आहे, ते उलटे करून संघाचे नाव ठेवले. इथवर सर्व ठीक होते. परंतु २०१४ पासून या संघाने शनिवारच्या सामन्यांसाठी बेकनची, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांसाची, पट्टी असलेली टोपी आणली. फक्त बेकनची पट्टी, दुसरे काही नाही. ती विलक्षण लोकप्रिय झाली आणि माझ्या यजमानांनीही घेतली. त्यांच्या घरात चार पिढ्यांत कोणी अंडेसुद्धा खाल्लेले नाही. सासूबाई आल्या तेव्हा ‘ही लाल पांढरी नागमोडी पट्टी कसली रे?’ असे त्यांनी विचारले आणि यजमान म्हणाले, ‘इथल्या नदीचे चिन्ह आहे.’ आता सासूबाई फिरायला जाताना उन्हासाठी तीच टोपी घालतात. मी काय करावे?

तिरकसतात्या

काहीही करू नये. नदीचे पावित्र्य राखावे.

नंबरी

मी टोपीच्या अंगाने लिहितो, कारण जमवणाऱ्यांपैकी निम्मे लोक चुकीच्या मापाची टोपी घेतात आणि मग ती डब्यात ठेवून ‘जपतो आहे’ असे म्हणतात.

मैदानावर खेळाडू घालतात ती टोपी बफेलोच्या न्यू एरा कंपनीची असते. कंपनी १९२० ची आहे आणि हा ‘फिफ्टी-नाइन फिफ्टी’ नावाचा प्रकार १९५४ पासून चालत आला आहे. सहा पाकळ्या, प्रत्येक पाकळीत हवेसाठी एक शिवलेले भोक, माथ्यावर कापड चढवलेले बटण आणि पुढच्या झापेवर शिलाईच्या आठ रांगा. पूर्वी या टोप्या लोकरीच्या असत. मेजर लीगने २००७ मध्ये पॉलिएस्टर स्वीकारले, कारण लोकर घाम धरते आणि धुतली की आटते. या प्रकारच्या टोपीला मागे पट्टा नसतो, त्यामुळे माप चुकले की संपलेच.

मापे सात, सव्वासात, साडेसात अशी असतात आणि मधल्या पायऱ्या एक अष्टमांशाच्या. हे आकडे कशाचे, असे विचारल्यावर बहुतेक जण गोंधळतात. हा डोक्याचा घेर नसून, डोके पूर्ण गोल मानले तर त्याचा व्यास इंचांत किती होईल, तो आकडा आहे. माझे आजोबा बावीस नंबरची गांधी टोपी घालत, म्हणजे घेर बावीस इंच. शाळेत शिकलेल्या पायने, म्हणजे बावीस सप्तमांशाने, त्याला भागा. बरोबर सात! हा हिशेब पहिल्यांदा जुळला तेव्हा मला झालेला आनंद मी घरात कोणालाही समजावून देऊ शकलो नाही, म्हणून इथे लिहितो आहे. सव्वासात म्हणजे साधारण ५७.७ सेंटिमीटर आणि साडेसात म्हणजे ५९.६. फीत कपाळाच्या मध्यावरून आणि कानांच्या किंचित वरून फिरवावी.

धुण्याविषयी सांगायचे तर यंत्रात घालू नये. गार पाणी, सौम्य साबण, जुना दात घासायचा ब्रश आणि वाळवण्यासाठी योग्य मापाचे उपडे पातेले. झापेवरचा सोनेरी गोल स्टिकर काढावा की ठेवावा यावर तरुण मंडळी भांडतात. मी काढतो, कारण वस्तू विकत घेतल्यावर तिची चिठ्ठी कपाळावर मिरवणे मला पटत नाही.

अंबाडा

नंबरीदादा, आपण निम्म्या मानवजातीला विसरलात. पट्टा नसलेल्या टोपीला मागे फट नसते, त्यामुळे लांब केस असणाऱ्या बाईने ते सोडायचे कुठून? अंबाडा घातला तर टोपी डोक्यावर बसत नाही आणि केस मोकळे सोडले तर मानेवर घामाची धार लागते. माझ्यासारख्यांनी सरळ पट्ट्याची, मऊ कापडाची टोपी घ्यावी. ‘खरे’ संग्राहक तिला नाके मुरडतात, पण टोपी डोक्यासाठी असते, डोके टोपीसाठी नसते.

नंबरी

चूक मान्य आहे.

पातेलेवाली_काकू

उपड्या पातेल्यावर टोपी वाळवायची हे वाचून राहवले नाही. इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेनला आमची मुलगी असते. तिथे याच्या अगदी उलट आहे. तिथल्या संघाचे नाव ‘टिनकॅप्स’, आणि टोपीवर एक रागीट सफरचंद आहे ज्याच्या डोक्यावर पातेले आहे. तिकडे सफरचंदांच्या रोपवाटिका लावत हिंडणारा जॉनी ॲपलसीड नावाचा अवलिया होऊन गेला. खरे नाव जॉन चॅपमन, निधन १८४५ मध्ये, आणि त्याची समाधीही त्याच गावी. तो डोक्यावर टोपीऐवजी कथलाचे पातेले घालून फिरायचा अशी दंतकथा आहे. आमचे हे म्हणाले, नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा ऐकले होते, इथे नावच कथलाचे आहे, निदान लपवाछपवी नाही.

मला बेसबॉलमधले ओ की ठो कळत नाही. परंतु संध्याकाळी सात वाजता ऊन उतरल्यावर त्या मैदानातल्या गवतावर सतरंजी पसरून बसायला मिळते, कोणी उठवत नाही, आणि शेजारची अनोळखी बाई माझ्या टोपीकडे पाहून स्वतःच्या आजीच्या सफरचंदांच्या झाडांविषयी बोलू लागते. सामना कोण जिंकले ते मी बऱ्याचदा घरी येताना गाडीत विचारते.

कारल्याचा_वेल

काकू, तुमच्यापुढे माझे काही चालणार नाही.

वेदवती, आकड्यांची दुरुस्ती मान्य. साचा एकच असल्याचा मुद्दा मात्र मी सोडणार नाही.

सहावा_बॉल

‘वापरावी की जपावी’ या प्रश्नावर माझा अनुभव इतरांपेक्षा निराळा आहे. मी २०१२ मध्ये पिट्सबर्गला शिकत होतो. २००८ साली भारतात वेगवान चेंडू फेकणाऱ्या मुलांसाठी एक स्पर्धा झाली होती आणि तीतून उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन तरुण निवडले गेले. ज्यांनी तोवर बेसबॉल हातात धरला नव्हता, अशा या दोघांशी पिट्सबर्ग पायरेट्स या मेजर लीग संघाने त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात करार केला. दिनेश लवकर परतला, पण रिंकू टिकला आणि वेस्ट व्हर्जिनियातल्या चार्ल्सटनच्या ‘पॉवर’ या संघापर्यंत पोहोचला. मी आणि माझा खोलीतला मित्र जुनी गाडी घेऊन चारेक तासांवरच्या चार्ल्सटनला गेलो, ते केवळ त्याच्यासाठी.

त्या दिवशी त्याला मैदानात उतरवलेच नाही. तो राखीव पिचरांच्या बाकावर बसून होता. आम्ही दोघे कुंपणाजवळ उभे राहून हिंदीत हाका मारत होतो आणि एकदा त्याने हात वर केला. तेवढ्यावर आम्ही तृप्त झालो आणि एकेक टोपी घेऊन परतलो.

पुढे २०२१ च्या फेररचनेत १६० संघांचे १२० झाले, तेव्हा ‘पॉवर’ही बाहेर पडला आणि आता तो वेगळ्या लीगमध्ये ‘डर्टी बर्ड्स’ या नावाने खेळतो. म्हणजे ती टोपी आता कुठल्याच मैदानावर दिसणार नाही. मी ती एकदाही घातलेली नाही. मित्राने मात्र रोज घातली, तिची झाप उसवली, रंग उडाला, आणि शेवटी ती नाशिकला त्याच्या भावाच्या द्राक्षबागेत हरवली. त्याची टोपी पाहून अनेक वर्षे लोक त्याला ‘हा कुठला संघ?’ असे विचारत आणि तो त्या दिवसाची गोष्ट सांगे. माझी टोपी डब्यात नव्यासारखी आहे आणि तिच्याविषयी मला आजवर कोणीही काहीही विचारलेले नाही.

भुसावळकर_यार्डातला

सहावा बॉल, ती टोपी उद्याच बाहेर काढा.

शुगरलँडकर

संघ तिथेच राहतो, पण नाव बदलते, हे दुःख कोणी मांडलेले नाही म्हणून लिहितो. ह्यूस्टनजवळच्या आमच्या शुगर लँडमध्ये मराठी कुटुंबे भरपूर आहेत, आणि आमच्यातल्या अनेकांना बेसबॉलची गोडी लावली ती २०१२ मध्ये सुरू झालेल्या ‘स्कीटर्स’ने. टेक्सासच्या बोलीत स्कीटर म्हणजे डास. आमच्याकडे डास इतके आहेत की, डोक्यावरही एक असावा यात कोणाला वावगे वाटले नाही. पुढे ह्यूस्टन ॲस्ट्रोजने संघ आपल्या हाताखाली घेतला आणि २०२२ पासून तो ‘स्पेस काउबॉइज’ झाला. इथून अंतराळ केंद्र जवळ आहे, त्यामुळे नाव चुकीचे आहे असे म्हणणार नाही. परंतु डास आमचा होता. नव्या टोपीत मला कोणी ओळखत नाही, आणि डासाची टोपी घालून गेलो की सुरुवातीच्या वर्षांतले चेहरे हात करतात.

पर्वतीपायथा

मी पुण्यातला. मैदानच काय, बेसबॉलचा पूर्ण सामनासुद्धा पाहिलेला नाही. ओहायोतल्या भाचीने टोलेडो मड हेन्सची टोपी पाठवली आणि ती घालून मी रोज सकाळी पर्वती चढतो. टोपीवरचा पक्षी पाहून आमच्या कट्ट्यावरच्या सर्वांचा समज झाला की, निवृत्तीनंतर मी कोंबडीखाद्याच्या कंपनीची एजन्सी घेतली आहे. दोघांनी दरही विचारले.

मग शोध घेतला. मड हेन म्हणजे कोंबडी नसून पाणपक्षी आहे. १८९६ साली टोलेडोचा संघ ज्या मैदानावर खेळे त्याच्या शेजारच्या दलदलीत हे पक्षी मोठ्या संख्येने असत, त्यावरून हे नाव पडले. आपल्याकडे भिगवणला उजनीच्या पाण्यावर काळ्या अंगाचा, कपाळावर पांढरा टिळा असलेला चांदवा दिसतो ना, त्याचाच हा अमेरिकेतला भाऊबंद. आणि चांदव्याला आपल्याकडे दुसरे नाव काय आहे? वारकरी! म्हणजे टोलेडोच्या संघाचे मराठी नाव ‘टोलेडोचे वारकरी’ असे होते. हे कळल्यापासून कट्ट्यावर माझा मान वाढला असून, टोपीला कोणी कोंबडी म्हणत नाही.

तेव्हा उंबरठा, तुमचा नियम मला लागू केलात तर मी आयुष्यभर बोडका राहीन.

वेदवती

‘टोलेडोचे वारकरी’ हे आजपासून आमच्या घरात रूढ झाले आहे.

नंबरी

एक साधा प्रश्न राहूनच गेला. उंबरठा, ट्रॅश पांडाजची ती टोपी तुम्ही डोक्यावर घालून पाहिली आहे का? भेट देणाऱ्याला माप कसे ठाऊक असणार?

उंबरठा

सर्व प्रतिसाद वाचले. नंबरी यांचा प्रश्न वाचून उठलो आणि टोपी प्रथमच डोक्यावर ठेवली. ठेवली असेच म्हणावे लागेल, कारण ती खाली आलीच नाही. आतली चिठ्ठी पाहिली तर माप सात आणि एक अष्टमांश. मग बायकोच्या शिवणकामाच्या फितीने डोके मोजले, ते साडेएकोणसाठ सेंटिमीटर भरले, म्हणजे साडेसात. तीन आठवडे मी ज्या टोपीच्या नैतिकतेवर विचार करत होतो ती मला होतच नाही.

हा सारा प्रकार चालू असताना आमची कन्या बाजूला उभी होती. तिने टोपी उचलली, घातली, आरशात पाहिले आणि बरोबर बसते असे जाहीर केले. अलाबामाला गेल्याशिवाय ती घालू नये, असे मी सांगू लागलो, तर म्हणाली, ‘बाबा, तुम्ही महाबळेश्वरला न जाताही स्ट्रॉबेरी खाता.’ अंबाडाताई, तिचे केस आखूड आहेत, त्यामुळे फटीचा प्रश्न आलाच नाही.

हार्टफर्डच्या २०१६ च्या हंगामावर मात्र मला अजून उत्तर सापडलेले नाही. नियमाला अपवाद करावा की नियमच सोडावा, यावर विचार चालू आहे. तोवर बाकीच्यांपैकी डब्यात असलेल्या तेरा टोप्या काढून दाराजवळ खुंट्यांवर लावल्या आहेत. त्यातल्या दोन लोकरीच्या होत्या आणि दोन्हींना कसर लागली आहे.

सहावा_बॉल

कसरीचे वाचून लगेच डबा उघडला. माझी शाबूत आहे. आज किराणा आणायला घालून गेलो होतो. कोणी काही विचारले नाही, पण उद्या पुन्हा जाणार आहे.

लोणकढी

आणि आमच्या सासूबाई परवा तीच टोपी घालून देवळात गेल्या. पुजाऱ्यांनी नदीचे नाव विचारले आहे. कृपया कोणीतरी लवकर सुचवा.

तिरकसतात्या

लीहाय. ‘लीहाय व्हॅली आयर्नपिग्ज’ या संघाच्या पूर्ण नावातच आहे, आणि नदी खरोखर तिथूनच वाहते. आता तरी झोपा.